जुन्या ट्रॅक्टरचा डिझेल खर्च कसा काढावा आणि टाकी किती लिटरची घ्यावी

जुना ट्रॅक्टर विकत घेतलेल्या किंवा वडिलांकडून हाती आलेल्या नव्या माणसाला पहिल्याच हंगामात दोन प्रश्न पडतात. हा ट्रॅक्टर तासाला किती डिझेल खातो, आणि गंजून झिरपू लागलेल्या टाकीच्या जागी किती लिटरची टाकी बसवावी? गावात विचारले तर पहिल्याचे उत्तर ‘चार-पाच लिटर’ असे मिळते आणि दुसऱ्याचे ‘बसेल तेवढी मोठी’ असे. पहिले उत्तर नांगरटीला कमी पडते आणि ट्रॉलीला जास्त होते. दुसऱ्या उत्तरामुळे पैसे वाया जातातच, शिवाय अर्धी रिकामी राहणारी मोठी टाकी डिझेलमध्ये पाणी साठवत बसते. टाकीचा आकार ट्रॅक्टरच्या एचपीवरून ठरत नाही. तो तुमच्या शिवारातल्या सगळ्यांत लांब कामाच्या दिवसावरून ठरतो, आणि तो दिवस किती डिझेलचा आहे हे मोजल्याशिवाय कळत नाही. म्हणून या लेखात मोजणी आधी आणि टाकी नंतर असा क्रम ठेवला आहे.

उदाहरणांसाठी ३५ एचपीचा जुना ट्रॅक्टर धरला आहे. इंटरनॅशनल बी-२७५ किंवा मॅसी फर्ग्युसन १०३५ या वर्गातले पुष्कळ ट्रॅक्टर महाराष्ट्रात आजही शेतात चालताना दिसतात. तुमचा ट्रॅक्टर एचएमटी झेटर २५११ सारखा २५ एचपीचा असेल किंवा ४५ एचपीचा असेल, तरी रीत तीच राहते आणि फक्त आकडे बदलतात.

१. आधी हे जमवून ठेवा

कागदपत्रांपैकी आरसी बुक, विम्याची पॉलिसी आणि ट्रॅक्टरची मूळ माहितीपुस्तिका किंवा सुट्या भागांचा कॅटलॉग हवा. पुस्तिका हरवली असेल तर जुन्या पार्ट विक्रेत्यांकडे तिची झेरॉक्स बहुधा मिळते. तिच्यात मूळ टाकीची क्षमता, इंजिनचे ठरलेले आरपीएम (मिनिटाला होणाऱ्या फेऱ्या) आणि नोझलचा, म्हणजे इंजिनात डिझेलचा फवारा सोडणाऱ्या तोटीचा, दाब हे तिन्ही आकडे असतात आणि तिन्ही पुढे लागणार आहेत. मध्य प्रदेशात बुदनी येथे ट्रॅक्टरची चाचणी घेणारी केंद्र सरकारची संस्था आहे. तुमच्या मॉडेलचा तिथला चाचणी अहवाल मिळाला तर फारच उत्तम, कारण इंजिन नवे असताना किती डिझेल घेत होते ते त्यात नोंदलेले असते.

साहित्य साधे आहे. ५ लिटरचे आणि १ लिटरचे खात्रीचे माप, बारीक जाळी असलेले नरसाळे, मोजपट्टी, घड्याळ, खडू, पान्यांचा संच, बांबूची एक सरळ काठी आणि एक वही एवढे पुरते. वही हंगामभर ट्रॅक्टरच्या टूलबॉक्समध्येच ठेवा. घरी जाऊन लिहू म्हटले की नोंद राहून जाते.

२. कागदावरचा अंदाज काढा

डिझेल इंजिन किती काटकसरीचे आहे हे सांगणारा एक आकडा असतो, तो म्हणजे एक एचपीची ताकद एक तास देण्यासाठी इंजिन किती ग्रॅम डिझेल जाळते. चांगल्या स्थितीतले इंजिन भरपूर भाराखाली साधारण १७० ते २०० ग्रॅम घेते, तर झिजलेले इंजिन २०० ते २४० ग्रॅमपर्यंत जाते. एक लिटर डिझेलचे वजन सुमारे ८३० ग्रॅम धरावे. मग सूत्र असे होते: एचपी गुणिले भाराचा हिस्सा गुणिले ग्रॅम, भागिले ८३०, म्हणजे तासाला लागणारे लिटर.

३५ एचपीचे इंजिन पूर्ण भाराखाली १९० ग्रॅमने चालले तर ३५ × १९० ÷ ८३० म्हणजे तासाला ८ लिटर लागतात. पण शेतात सतत पूर्ण भार क्वचितच असतो. रोटाव्हेटरचे काम सरासरी ६० टक्के भाराचे धरले आणि ग्रॅमचा आकडा २१० घेतला तर ३५ × ०.६ × २१० ÷ ८३०, म्हणजे सुमारे ५.३ लिटर येतात. रिकामी ट्रॉली ओढणे किंवा हलकी पेरणी यांसारखे ३० टक्के भाराचे काम २६० ग्रॅमने मोजले तर ३.३ लिटर होतात.

भार कमी असताना ग्रॅमचा आकडा का वाढतो, हे नव्या माणसाने समजून घ्यावे. इंजिनला पिस्टन, बेअरिंग, पाण्याचा पंप आणि पंखा फिरवण्यासाठी काही ताकद खर्च करावीच लागते, मग मागे अवजार असो वा नसो. काम हलके असले की त्या ठरलेल्या खर्चाचा वाटा मोठा होतो. म्हणूनच हलक्या कामाला वरचा गिअर टाकून थ्रॉटल कमी ठेवला, तर तेवढ्याच वेगाने तेच काम लक्षणीय कमी डिझेलमध्ये होते. ही सवय फुकट आहे, आणि जुन्या ट्रॅक्टरवर तिच्याइतका फायदा देणारी दुसरी युक्ती मला माहीत नाही. मात्र पीटीओवर (ट्रॅक्टरच्या मागच्या फिरत्या दांड्यावर) चालणाऱ्या अवजाराला ठरलेले आरपीएम लागतात, तिथे ती वापरता येत नाही. शिवाय गिअर चढवल्यावर इंजिन घोगरे होऊन काळा धूर सोडू लागले, तर एक गिअर खाली यावे.

हा सगळा अंदाज झाला. त्यावर टाकी ठरवू नका. प्रत्यक्ष मोजणीत आलेला आकडा पटण्यासारखा आहे की कुठे चूक झाली आहे, हे ताडून पाहण्यापुरताच तो वापरा.

३. टाकीसाठी गज तयार करा

जुन्या ट्रॅक्टरचा डिझेल दाखवणारा काटा बहुतेक बंद असतो, आणि चालू असला तरी विश्वासाचा नसतो. त्यामुळे बांबूच्या काठीवर स्वतःच खुणा करून घ्याव्यात. ट्रॅक्टर सपाट जागी, शक्यतो फरशीवर किंवा सिमेंटच्या ओट्यावर उभा करा. इंजिन थंड असू द्या. टाकीतले डिझेल तळाच्या बुचातून स्वच्छ कॅनमध्ये काढून घ्या, बूच परत बसवा, आणि मग मापाने ५-५ लिटर ओतत जा. प्रत्येक वेळी काठी टाकीच्या तोंडातून सरळ खाली तळापर्यंत टेकवा आणि ओल जिथपर्यंत येईल तिथे चाकूने आडवी खाच पाडा. पेनाची खूण डिझेलने पुसली जाते, म्हणून खाचच हवी. काठी नेहमी एकाच जागेतून आणि त्याच बाजूने घालावी, यासाठी तिच्या वरच्या टोकावर पुढची बाजू दाखवणारी खूण करून ठेवा.

बॉनेटखालच्या टाकीचा तळ बहुधा वाकडा किंवा पायरीचा असतो. त्यामुळे खालच्या दोन-तीन खाचा एकमेकींपासून दूर पडतात आणि वरच्या जवळ येतात. अर्धी काठी भिजली म्हणजे अर्धी टाकी, असा हिशेब इथे चालत नाही. तळाच्या बुचातून काढलेले डिझेल काचेच्या बरणीत तासभर स्थिर ठेवून पाहा. खाली पाण्याचा थर किंवा तांबूस गाळ दिसला तर टाकी आतून गंजते आहे हे समजावे.

४. कामानुसार प्रत्यक्ष मोजणी करा

सगळ्यांत विश्वासाची रीत म्हणजे टाकी गच्च भरून काम सुरू करणे आणि काम संपल्यावर पुन्हा त्याच खुणेपर्यंत मापाने भरणे. जेवढे डिझेल ओतावे लागले तेवढे लागले, इतका हा सरळ हिशेब आहे. वहीत प्रत्येक कामाची एक ओळ लिहा: तारीख, काम, अवजाराची रुंदी, गिअर, जमीन कशी होती, सुरू केल्याची व संपल्याची वेळ, किती एकर किंवा गुंठे झाले, किती लिटर लागले.

समजा, ५ फुटी रोटाव्हेटरने ६ एकर रान झाले, इंजिन ७ तास चालले आणि टाकी भरायला ३६ लिटर लागले. मग एकरी ६ लिटर आणि तासाला सुमारे ५.१ लिटर असे दोन आकडे हाती येतात. दोन्ही लिहून ठेवा, कारण एकरी आकडा भाड्याचा दर ठरवायला लागतो आणि तासाचा आकडा टाकी ठरवायला. वेळ पटते का हेही तपासता येते. ५ फूट म्हणजे दीड मीटर रुंदी आणि ताशी ३ किलोमीटर वेग धरला, तर १.५ × ३ ÷ १० म्हणजे तासाला ०.४५ हेक्टर होतात. वळणे आणि थांबणे यांत पाचवा हिस्सा गेला असे धरून ०.३६ हेक्टर, म्हणजे सुमारे ०.९ एकर उरतात. तेव्हा ६ एकरांना ७ तासांच्या आत-बाहेर वेळ लागणे योग्यच आहे.

या मोजणीत काही ठिकाणी हमखास फसगत होते.

पेट्रोल पंपावरचे नोझल आपोआप बंद झाले म्हणजे टाकी भरली असे नसते. डिझेलला फेस येतो आणि तो नोझलला फसवतो. फेस बसू द्या आणि शेवटचे एक-दोन लिटर हाताने, हळू, खुणेपर्यंत भरा. पंपाच्या मापाबद्दल शंका असेल तर तिथे ठेवलेल्या ५ लिटरच्या प्रमाणित मापात डिझेल काढून दाखवायला सांगा. तो ग्राहकाचा हक्क आहे.

मीटरवरचे तास हे घड्याळाचे तास नसतात. जुन्या ट्रॅक्टरचा यांत्रिक तासमापक इंजिनच्या फेऱ्यांवर चालतो आणि एका ठरलेल्या आरपीएमलाच बरोबर वेळ दाखवतो. तो १५०० आरपीएमला जुळवलेला असेल आणि तुम्ही १००० आरपीएमवर काम केले, तर तासाभरात तो ४० मिनिटेच पुढे जातो. सर्व्हिसिंगचा हिशेब मीटरवर ठेवा, पण डिझेलचा हिशेब घड्याळावर ठेवा.

जमिनीचा वाफसा बदलला की आकडा बदलतो. पावसाने दडपलेल्या आणि वरून वाळलेल्या काळ्या रानात जे डिझेल लागते, ते वाफशावरच्या त्याच रानात लागत नाही. नांगराची खोली ६ इंचांवरून ८ इंचांवर गेली तरी ओढ सुमारे तिसऱ्या हिश्श्याने वाढते. म्हणून एका दिवसाच्या आकड्यावर विसंबू नये. एकाच कामाच्या निदान तीन नोंदी वेगवेगळ्या दिवशी घ्याव्यात, आणि टाकीच्या हिशेबाला त्यांतली सर्वांत मोठी धरावी.

बांधावर गप्पा मारताना इंजिन चालू राहते, तेही डिझेल खाते. या वर्गाचे इंजिन नुसते गुरगुरत ठेवले तरी तासाला पाऊण ते एक लिटर घेते. चालू इंजिनाचा सगळा वेळ नोंदीत धरा.

५. आकडा मोठा आला तर आधी ट्रॅक्टर तपासा

प्रत्यक्ष खर्च कागदावरच्या अंदाजापेक्षा चौथाईहून जास्त निघाला, तर मोठ्या टाकीचा विचार थांबवा. दुखणे इंजिनात किंवा चाकांत असते, आणि टाकी मोठी करून ते लपवणे म्हणजे दर हंगामाला पैसे ओतणे होय.

धुरापासून सुरुवात करा. भाराखाली सतत काळा धूर येत असेल तर इंजिनला हवा कमी पडते आहे किंवा डिझेल जास्त जाते आहे. ऑईल बाथ एअर क्लीनर उघडून त्यातले तेल आणि साचलेला गाळ पाहा. धुळीच्या दिवसांत ते रोज पाहावे लागते. एअर क्लीनर स्वच्छ असूनही धूर काळाच राहिला, तर नोझल काढून पंप-नोझलवाल्याकडे दाब आणि फवारा तपासून घ्या. चांगल्या नोझलचा फवारा धुक्यासारखा बारीक असतो आणि शेवटी थेंब लोंबत नाही. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑईल जळते आहे. गरम इंजिनातून पांढरा धूर आला, तर नोझलला दाबाने डिझेल देणाऱ्या इंजिनच्या डिझेल पंपाचे टायमिंग (फवारा सोडण्याची वेळ) किंवा कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) पाहावे लागेल.

मग गळती. रात्री डिझेल पंपाखाली आणि फिल्टरखाली कोरडा पुठ्ठा ठेवून सकाळी पाहा. नोझलवरून टाकीकडे परत जाणारी बारीक नळी असते, तिचे तडकलेले तोंड बहुतेकांच्या लक्षातच येत नाही, कारण तिथले डिझेल गरम इंजिनावर पडून उडून जाते. १ एप्रिल २०२० पासून देशभर मिळणाऱ्या बीएस-६ डिझेलमध्ये गंधक फारच कमी असते, आणि जुन्या पंपांतील कडक झालेले रबरी सील कमी गंधकाच्या डिझेलवर आकसून झिरपू शकतात. असे सील बदलून घ्यावेत. खर्च किरकोळ असतो.

शेवटी चाकांची घसर मोजा. मागच्या टायरवर खडूने रेघ मारा. अवजार उचलून, चाकाच्या १० फेऱ्यांत ट्रॅक्टर किती अंतर जातो ते शेतातच मोजा. मग अवजार जमिनीत घालून पुन्हा १० फेऱ्यांचे अंतर मोजा. पहिले ४० मीटर आणि दुसरे ३४ मीटर आले तर घसर १५ टक्के झाली. १० ते १५ टक्के चालते. २०-२५ टक्के असेल तर प्रत्येक पाच लिटरांमागे लिटरभर डिझेल नुसते माती उडवण्यात जाते. टायरच्या नक्षीची झीज, मागे पुरेसे वजन नसणे आणि हवा जास्त असणे ही घसरीची नेहमीची कारणे आहेत. रस्त्यावरच्या ट्रॉलीसाठी भरलेली कडक हवा शेतात तशीच राहू देऊ नका.

६. टाकीचे गणित मांडा

आता वहीतून एकच दिवस निवडा: हंगामातला सगळ्यांत लांब आणि सगळ्यांत जड कामाचा, ज्या दिवशी मधेच पंपावर जाणे परवडणार नाही असा. त्यावरून चार हिस्से मांडायचे.

पहिला हिस्सा कामाचा. ९ तास रोटाव्हेटर, तासाला ५.२ लिटर, म्हणजे ४७ लिटर.

दुसरा हिस्सा जाण्यायेण्याचा. पंप १२ किलोमीटरवर असेल तर येऊन-जाऊन २४ किलोमीटर होतात. ताशी २० किलोमीटरने सव्वा तास आणि तासाला ३.३ लिटर धरले तर ४ लिटर. हे ४ लिटर म्हणजेच तुमची राखीव शिल्लक, आणि ती कधीही कामात खर्च करायची नाही.

तिसरा हिस्सा तळाचा. डिझेल ओढणारी नळी तळापासून २ सेंटीमीटर वर ठेवावी लागते, म्हणजे पाणी आणि गाळ खाली राहतो. टाकीचा तळ ६० × ३५ सेंटीमीटर असेल तर ६० × ३५ × २ म्हणजे ४,२०० घन सेंटीमीटर, अर्थात ४.२ लिटर डिझेल टाकीत असूनही वापरता येणार नाही. पसरट टाकीत हा हिस्सा वाढतो, उभ्या टाकीत कमी होतो.

चौथा हिस्सा वरच्या मोकळ्या जागेचा. डिझेल उन्हात फुगते. ५० लिटर डिझेल २० अंशांवरून ४५ अंशांवर गेले तर सुमारे एक लिटरने वाढते. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात काठोकाठ भरलेली टाकी दुपारी बुचातून वाहते ती यामुळेच. ५ टक्के जागा मोकळी सोडावी.

बेरीज करू. ४७ अधिक ४ अधिक ४.२ म्हणजे ५५.२ लिटर. याला ०.९५ ने भागले की ५८.१ लिटर येतात. ६० × ३५ × २८ सेंटीमीटरच्या टाकीत ५८.८ लिटर मावतात, म्हणजे ती जेमतेम पुरते. उंची ३० केली तर ६३ लिटर होतात आणि थोडी सवड राहते. लांबी, रुंदी व उंची सेंटीमीटरमध्ये गुणून १,००० ने भागले की लिटर मिळतात. गोल टाकी असेल तर त्रिज्येचा वर्ग गुणिले ३.१४ गुणिले लांबी, भागिले १,०००. मापे आतल्या बाजूची घ्या.

७. मोठी टाकी, जोडटाकी की नुसता कॅन?

या वर्गाच्या ट्रॅक्टरला मूळ टाकी साधारण ४५ ते ५० लिटरची असते. वरचे गणित ५८ वर आले, म्हणजे तुटवडा दहा-बारा लिटरचा आहे. अशा वेळी माझे स्पष्ट मत आहे की मूळ आकाराचीच नवी टाकी बसवावी आणि जड कामाच्या दिवसांत बांधावर सावलीला २० लिटरचा स्वच्छ, घट्ट झाकणाचा कॅन न्यावा. तो दुपारच्या जेवणाच्या वेळी, इंजिन बंद करून आणि थंड होऊ देऊन, जाळीच्या नरसाळ्यातून ओतावा. वर्षातल्या मोजक्या दिवसांसाठी ट्रॅक्टरचा सांगाडा बदलू नये.

मोठी टाकी कोणाला हवी? जो भाड्याने काम करतो, गावोगाव फिरतो आणि ज्याची टाकी रोज रिकामी होते, त्याला. जो आठवड्यातून दोनदा ट्रॅक्टर काढतो त्याच्याकडे मोठी टाकी अर्धी रिकामी राहते. रात्री गार झालेल्या पत्र्याला आतल्या हवेतला ओलावा चिकटतो, त्याचे पाणी तळाशी उतरते, आणि पाणी-डिझेलच्या सीमेवर काळसर चिकट साय धरते. ती फिल्टर तुंबवते. टाकी कोणतीही असो, संध्याकाळी काम संपल्यावर भरून ठेवण्याची सवय याच कारणासाठी चांगली.

जोडटाकीला जागा सोयीची सापडते, पण तिच्यात एक खोच आहे. डिझेल जोडटाकीतून ओढले जाते आणि नोझलवरून परत येणारे डिझेल मात्र मूळ टाकीत पडत राहते, तेव्हा मूळ टाकी भरून वाहू लागते. एक तर दोन्ही टाक्या तळाशी जाड नळीने जोडून एकाच पातळीवर ठेवाव्यात, नाहीतर आधी मूळ टाकी बरीच रिकामी करून मगच जोडटाकीचा कॉक उघडावा. दोन्हींना स्वतंत्र हवेची वाट हवी.

घरी साठा करत असाल तर एवढे ध्यानात असू द्या: पेट्रोलियम कायदा, १९३४ नुसार डिझेलसारख्या ‘ब’ वर्गातील इंधनाचा एका जागी २,५०० लिटरपर्यंतचा साठा परवान्याशिवाय ठेवता येतो, मात्र कोणतेही एक भांडे १,००० लिटरपेक्षा मोठे नसावे. शेतकऱ्याचे २०० लिटरचे पिंप या मर्यादेत सहज बसते.

८. टाकी करून घेताना

जुनी टाकी घेऊन वेल्डिंगवाल्याकडे जाण्याआधी हे वाचा. डिझेलची रिकामी दिसणारी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा धोकादायक असते. आत राहिलेल्या वाफा आणि पत्र्याच्या घडीत मुरलेले डिझेल वेल्डिंगच्या उष्णतेने पेट घेते, आणि बंद टाकी बॉम्बसारखी फुटते. ग्राइंडरची ठिणगीही पुरेशी असते. पाण्याने एकदा विसळली म्हणजे टाकी स्वच्छ झाली असे समजू नका. जुन्या टाकीला ठिगळ लावण्यापेक्षा नवी करून घेणे हाच माझा सल्ला आहे. डाग देणे अगदीच भाग असेल, तर वाफेने स्वच्छ केलेल्या टाकीत वेल्डिंगच्या जागेच्या जेमतेम खालपर्यंत पाणी भरून, सगळी तोंडे उघडी ठेवून, हे काम नेहमी करणाऱ्या कारागिराकडूनच करून घ्यावे.

पत्रा १.६ मिलिमीटर जाडीचा साधा लोखंडी किंवा स्टेनलेस स्टीलचा घ्यावा. जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा गंजत नाही म्हणून पुष्कळांना तोच बरा वाटतो, पण डिझेलच्या टाकीला तो चालत नाही. डिझेलमधल्या आम्लांशी जस्ताची क्रिया होऊन साबणासारखा पदार्थ तयार होतो आणि तो फिल्टर व नोझलमध्ये जाऊन बसतो. तांबे आणि पितळेमुळे डिझेल लवकर खराब होते, म्हणून टाकीच्या आत तेही नको.

कारागिराला चित्र काढून द्या आणि त्यात या गोष्टी दाखवा: सगळ्यांत खालच्या कोपऱ्यात पाणी काढायचे बूच, तळापासून २ सेंटीमीटर वर ओढनळी, वरच्या बाजूला परतीच्या नळीचे तोंड, झाकणात हवेचे छिद्र, आणि मधोमध एक आडपडदा. आडपडद्याचे खालचे कोपरे कापलेले असावेत, म्हणजे डिझेल सावकाश इकडून तिकडे जाते पण खड्ड्यात गेल्यावर एकदम एका बाजूला आदळत नाही. हवेचे छिद्र बुजले तर टाकीत पोकळी तयार होऊन इंजिन तासाभराने बंद पडते, आणि झाकण उघडताच ‘फस्स’ असा आवाज येऊन पुन्हा सुरू होते. हे लक्षण ओळखता आले नाही तर माणूस विनाकारण पंप खोलायला लावतो.

टाकी तयार झाली की रंग देण्याआधी तिच्यात पाणी भरून रात्रभर ठेवा आणि सांधे पुसून पाहा. नंतर पूर्ण वाळवून आतून थोड्या डिझेलने विसळा. आतून रंग देऊ नये. तो सुटून फिल्टरमध्ये जातो.

९. बसवणे, हवा काढणे आणि पहिली तपासणी

६३ लिटर डिझेलचे वजन सुमारे ५२ किलो भरते आणि टाकीचे स्वतःचे १२ ते १४ किलो. एवढा भार चार जाड पट्ट्यांवर, खाली रबराचे तुकडे देऊन बसवावा. टाकी थेट मडगार्डला बोल्टने आवळली तर हादऱ्याने पत्रा बोल्टजवळच फाटतो. सायलेन्सरपासून दूर ठेवा, आणि जागा कमी असेल तर मधे पत्र्याचा पडदा द्या. नवी टाकी मूळ टाकीपेक्षा फार खाली बसवू नका. जुन्या ट्रॅक्टरात वरच्या टाकीतून डिझेल आपल्या वजनाने फिल्टरकडे उतरत असते, आणि झिजलेल्या फीड पंपाला (टाकीतले डिझेल पुढे ढकलणाऱ्या छोट्या पंपाला) खालून वर ओढणे जमत नाही. टाकीची जागा किंवा आकार बदलला असेल तर विमा कंपनीला लेखी कळवून पोच घ्या. पुढे आगीचा दावा करायची वेळ आली तर ती पोच कामाला येते.

जोडण्या झाल्यावर हवा काढावी लागते. कॉक उघडा, फिल्टरवरचा हवेचा स्क्रू सैल करा आणि फीड पंपाची हातदांडी मारत राहा. आधी फेसाळ डिझेल येईल. बुडबुडे थांबून सलग धार आली की स्क्रू आवळा. मग हेच इंजिनच्या डिझेल पंपावरच्या स्क्रूला करा. तरीही इंजिन धरत नसेल तर नोझलच्या नळ्यांचे नट एकेक करून सैल करा, स्टार्टर मारून डिझेल बाहेर येताना पाहा, आणि आवळा. नळ्यांच्या तोंडाशी हात नेऊ नका. दाबाखालचे डिझेल कातडीत घुसते, आणि अशी जखम दिसायला टाचणीएवढी असली तरी लगेच दवाखाना गाठावा लागतो.

पहिल्या दिवशी टाकी अर्धीच भरून हलके काम करा, संध्याकाळी सगळे सांधे कोरड्या फडक्याने पुसून पाहा, आणि पट्ट्यांचे नट पुन्हा आवळा. फिल्टरची काचेची वाटी पहिल्या आठवड्यात रोज पाहावी, कारण नव्या टाकीतली वेल्डिंगची राख आणि लोखंडाचा कीस तिथेच उतरतो. नव्या टाकीसाठी नवी काठी घेऊन ५-५ लिटरच्या खाचा पाडा. जुनी काठी मोडून टाका, म्हणजे घाईत कोणी ती टाकीत घालणार नाही.